लादलेली गाडी आणि खडबडीत रस्ता: लांबच्या प्रवासासाठी अ‍ॅडव्हेंचर बाइक कशी निवडावी

अ‍ॅडव्हेंचर बाइक घ्यायला निघालेले बहुतेक जण सुरुवात करतात अश्वशक्तीपासून आणि येऊन थांबतात ऑन-रोड किमतीपाशी. ती गाडी किती ओझे वाहू शकते, हा आकडा मात्र मधल्या मध्ये राहून जातो. माझ्या मते लांब पल्ल्याच्या गाडीची निवड याच आकड्यापासून सुरू व्हायला हवी, कारण रिकामी गाडी आणि दोन माणसे, दोन बॅगा, दुरुस्तीची हत्यारे व जादा पेट्रोल घेतलेली तीच गाडी यांच्या वागण्यात फार मोठे अंतर असते. शोरूममधल्या फेरीत आपण पहिली चालवतो आणि प्रवासात मात्र दुसरीशी गाठ पडते. महाराष्ट्रातून लडाख-स्पितीला जाणारे, किंवा भर पावसाळ्यात कोकणातले घाट आणि किनाऱ्याचे रस्ते पालथे घालणारे, अशा प्रवाशांना समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. गाड्यांची उदाहरणे भारतात मिळणाऱ्या मॉडेलांचीच घेतली आहेत.

पहिली पायरी: प्रवास कागदावर उतरवा

‘लडाखला जायचे आहे’ एवढ्यावरून गाडी ठरत नाही. पुण्याहून मनालीपर्यंतचे अंतर सुमारे २,००० किलोमीटर आहे आणि तो जवळजवळ सगळा महामार्ग आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगची खिंडही टाळता येते, आणि मनाली–लेह रस्त्याचा बराच भाग आता डांबरी आहे. खरा खडबडीत रस्ता ग्रांफूहून छत्रू, बातल, कुंझुम खिंड आणि लोसर असा स्पितीत उतरताना लागतो. तिथे मोठमोठे गोटे, रस्त्यावरून वाहणारे नाले आणि सैल खडी यांतून गाडी काढावी लागते.

म्हणून कागदावर तीन गोष्टी लिहा: महामार्गाचे किलोमीटर किती, खराब रस्त्याचे किती, आणि मागे कुणी बसणार आहे की नाही. घरापासून गाडी चालवतच जाणार असाल, तर जाऊन-येऊन चार हजार किलोमीटरचा महामार्ग पार करावा लागतो. तिथे ताशी ९०-१०० च्या वेगाने दिवसभर दम न लागता धावणारे इंजिन हवे. याउलट गाडी रेल्वेच्या पार्सलने चंदीगडपर्यंत पाठवून तिथून पुढे चालवायची असेल (टाकीतले पेट्रोल पूर्ण काढून आणि गाडी नीट बांधूनच रेल्वे ती घेते), तर दोनशे सीसीची हलकी गाडीही उत्तम काम करते. या एका निर्णयाने यादीतली निम्मी नावे गळतात आणि पैसेही वाचतात, तरी गाडी घेण्याआधी त्याचा विचार करणारे फार थोडे दिसतात.

दुसरी पायरी: वजनाचा हिशेब

प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत वजनाचे दोन आकडे असतात. एक चालू स्थितीतल्या गाडीचे, म्हणजे तेल-पेट्रोलसह वजन. दुसरा माणसे व सामानासह गाडीचे जास्तीत जास्त एकूण वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरते ती वहनक्षमता. जाहिरातीत हा आकडा सहसा दिसत नाही. तो पुस्तिकेत शोधावा लागतो किंवा विक्रेत्याकडे आग्रहाने मागावा लागतो.

रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४५० घेऊन हिशेब करून पाहू. गाडीचे वजन १९६ किलो आणि कमाल एकूण वजन ३९४ किलो, म्हणजे वहनक्षमता १९८ किलो. वाचायला हा आकडा भरपूर वाटतो. आता चालक ७५ किलोचा, त्याचे हेल्मेट, जॅकेट, बूट आणि गुडघ्यांची कवचे मिळून ८ किलो. मागे बसणारी व्यक्ती ६० किलोची, तिचा पोशाख ७ किलो. इथेच १५० झाले. क्रॅश गार्ड, इंजिनाखालची जाड प्लेट आणि बॅगांसाठीची लोखंडी चौकट मिळून १४ किलो. रिकाम्या बॅगा ५ किलो आणि त्यांतले कपडे व इतर सामान २० किलो. हत्यारे, ट्यूब आणि पंप ५ किलो, पाणी ३ किलो, आणि कॅनसह पाच लिटर जादा पेट्रोलचे ४ किलो. बेरीज होते २०१. म्हणजे कशाचाही अतिरेक न करता, अगदी नेहमीची तयारी करून आपण मर्यादेच्या तीन किलो पुढे गेलेलो असतो, आणि तेही या वर्गातल्या दणकट समजल्या जाणाऱ्या गाडीवर.

हा हिशेब गाडी घेण्याआधी स्वतःच्या आकड्यांनी करा, आणि अंदाजाने करू नका. बॅग भरून ती हातात घेऊन घरच्या वजनकाट्यावर उभे राहा आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करा. क्रॅश गार्ड किंवा बॅगांची चौकट विकत घेताना तिचेही वजन विचारा. अॅल्युमिनिअमच्या पेट्या दिसतात रुबाबदार, पण चौकटीसकट त्या सहज पंधरा किलोंच्या वर जातात. तेच सामान मावणाऱ्या, सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कापडी सॅडल बॅगा त्याच्या निम्म्याहून कमी वजनात बसतात, आणि गाडी पडली तर पाय पेटीखाली चिरडण्याचा धोकाही टळतो. खराब रस्त्यासाठी मी कापडी बॅगांचीच शिफारस करेन. पेट्यांना कुलूप लागते, हा त्यांचा मोठा गुण आहे. मात्र तो शहरातल्या मुक्कामी उपयोगी पडतो, बातलच्या गोट्यांत नाही.

तिसरी पायरी: ओझे कुठे बसते ते पाहा

एकूण वजन मर्यादेत असले तरी ते कुठे टेकले आहे यावर गाडीची चाल ठरते. मागच्या चाकाच्या आसाच्या मागे टांगलेला प्रत्येक किलो पुढचे चाक हलके करतो. पुढचे चाक हलके झाले की खडीवर हँडल भरकटते आणि महामार्गावर वेग वाढताच गाडी लाटेसारखी डोलू लागते. म्हणून गाडी निवडताना मागच्या बाजूने तिचे निरीक्षण करा. सॅडल बॅगा मागे बसणाऱ्याच्या पायांच्या जवळ, आसाच्या पुढे राहतील एवढी जागा आहे का? सायलेन्सर इतका वर आला आहे का की उजवी बॅग बाहेर ढकलली जाईल किंवा तापून जळेल? टाकीच्या दोन्ही बाजूंना पेट्रोलचे कॅन किंवा छोट्या बॅगा बांधता येतील अशी चौकट आहे का? हत्यारे, ट्यूब, पाणी असे जड सामान पुढे आणि खाली, तर झोपण्याची पिशवी व कपडे मागे आणि वर, अशी मांडणी करू देणारी गाडी लादल्यावरही ताब्यात राहते.

सीटखालची मागची चौकट, म्हणजे सबफ्रेम, हा खराब रस्त्यावरचा सर्वात दुर्लक्षित भाग आहे. शेकडो किलोमीटर खड्ड्यांत आदळताना तीस किलोंचे सामान तिला वरखाली झटके देत राहते, आणि जोडावर तडा जातो तो बहुतेक मागच्या रॅकवर बसवलेल्या पेटीमुळे, म्हणजे टॉप बॉक्समुळे. पोलादी सबफ्रेमला तडा गेला तर तालुक्याच्या गावचा, अगदी ट्रॅक्टरची कामे करणारा वेल्डिंगवालाही ती प्रवासापुरती जोडून देतो. अॅल्युमिनिअमचे वेल्डिंग मात्र वाटेत सहजी होत नाही. बोल्टने बसवलेली सबफ्रेम बदलता येते. मुख्य चेसीला वेल्ड केलेली वाकली तर काम फार मोठे होते. त्यामुळे सीट काढून हा भाग दाखवायची विनंती विक्रेत्याला जरूर करा. मागच्या रॅकवर किती किलो चालते याची मर्यादा पुस्तिकेत स्वतंत्र दिलेली असते, आणि ती बहुतेकांना धक्का बसेल इतकी कमी असते.

चौथी पायरी: सस्पेन्शन, ज्यावर सगळे अवलंबून आहे

मला विचाराल तर लादलेल्या गाडीचा खरा कस सस्पेन्शनमध्ये लागतो. माहितीपत्रकात ‘ट्रॅव्हल’ म्हणून दिलेला आकडा म्हणजे चाक पूर्ण खाली लोंबकळत असल्यापासून ते पूर्ण दाबले जाईपर्यंतचे अंतर. हिमालयन ४५० मध्ये ते पुढे-मागे २०० मिलिमीटर आहे, हिरोच्या एक्सपल्स २०० मध्ये पुढे १९० व मागे १७०. हे अंतर जेवढे जास्त, तेवढा मोठा खड्डा गाडी पचवते. पण ओझे चढवले की यातला काही भाग आधीच खर्ची पडतो. स्प्रिंग मऊ असेल तर दोन माणसे आणि सामान यांनीच ती निम्म्यावर दबते. मग प्रत्येक खड्ड्यात मागचे सस्पेन्शन तळाला आपटते, मणक्याला हादरा बसतो, जमिनीपासूनची उंची कमी होऊन इंजिनाची प्लेट दगडांवर घासते, मागची बाजू खाली बसल्यामुळे हँडल सैल वाटते आणि रात्री हेडलाइटचा झोत रस्त्याऐवजी झाडांवर पडतो.

हे मोजायला एक टेप, एक मदतनीस आणि वीस मिनिटे पुरतात. मित्राची गाडी मिळाली तर तिच्यावर मोजा. नाहीतर आधी भाड्याने घेऊन मोजा. गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी करा. चाकाच्या आसाच्या मध्यापासून बरोबर वर, सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीची एक खूण करा आणि हे अंतर मोजून लिहून ठेवा. मग गाडी स्टँडवरून उतरवून बॅगा बांधा, पूर्ण पोशाखात स्वतः बसा आणि मागची व्यक्तीही बसवा. मदतनीसाने गाडी सरळ धरावी. मागची बाजू दोनदा दाबून सोडा, म्हणजे सील आणि सांधे अडकून चुकीचा आकडा येणार नाही, आणि त्याच दोन बिंदूंमधले अंतर पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे लादलेल्या गाडीचे ‘सॅग’. तो एकूण ट्रॅव्हलच्या साधारण ३० टक्के असावा. २०० मिलिमीटरच्या ट्रॅव्हलसाठी ६० ते ६५ मिलिमीटर ठीक. ८५-९० आला तर गाडी फार बसलेली आहे.

फरक जास्त असेल तर मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवा आणि पुन्हा मोजा. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त पुन्हा योग्य उंचीवर येते, ही गोष्ट लक्षात असू द्या. प्रीलोड शेवटच्या खाचेवर नेऊनही सॅग जास्तच राहिले, तर त्या गाडीची मूळ स्प्रिंग तुमच्या ओझ्यासाठी नाही. मग दोनच मार्ग उरतात: तुमच्या वजनाला जुळणारी कडक स्प्रिंग बाजारातून घालणे किंवा दुसरी गाडी पाहणे. त्या मॉडेलसाठी तशी स्प्रिंग भारतात मिळते का, हे गाडी घेण्याआधीच विचारून ठेवा. प्रीलोड बदलण्यासाठी लागणारा आकडीच्या टोकाचा पाना गाडीच्या हत्यारांत आहे का आणि बॅगांची चौकट लावल्यावर तो आत शिरतो का, हेही पाहा. रोज संध्याकाळी सामान उतरवून स्थानिक रस्त्यांवर एकटे फिरणाऱ्याला हे काम वारंवार करावे लागते.

पुढच्या सस्पेन्शनच्या बाबतीत स्वस्त आणि मध्यम वर्गातल्या बहुतेक गाड्यांत फेरफार करायची सोय नसते. तिथे एकच पाहा: चढवलेल्या ओझ्यानिशी पुढचा ब्रेक जोरात दाबला की फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्या, पूर्ण दबून खटकन आवाज येतो का. येत असेल, तर दोनजणांनी बातलला जाण्यासाठी ती गाडी नाही.

पाचवी पायरी: चाके, टायर आणि पंक्चर

२१ इंची पुढचे चाक खड्ड्याच्या कडेला कमी उभ्या कोनात भिडते, त्यामुळे ते दगडावर चढून जाते. १९ इंची चाक तिथे जास्त जोराने आदळते, पण डांबरी वळणांवर अधिक चपळ वागते. हिमालयन, एक्सपल्स आणि २०२५ ची केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर यांना पुढे २१ इंची चाक आहे, तर सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्सला १९ इंची. तुमच्या कागदावर खराब रस्त्याचे किलोमीटर एक-पंचमांशाहून कमी असतील तर १९ इंची चाकाने काहीही अडत नाही.

रिमच्या बाबतीत मी अधिक आग्रही आहे. लादलेल्या गाडीला स्पोकची चाके हवीत. अलॉय चाक तीव्र धक्क्यात वाकते किंवा तडकते, आणि तडकले की प्रवास तिथेच संपतो. स्पोकच्या चाकाची रिम वाकली तरी ती ठोकून, स्पोक ताणून पुढे जाता येते. प्रश्न पंक्चरचा राहतो. साध्या स्पोकच्या चाकात ट्यूब असते, आणि ती बदलायची तर चाक काढून टायर उतरवावा लागतो. गावोगावच्या पंक्चरवाल्याला हे काम येते. मात्र मनाली–लेह वाटेवरच्या निर्जन मोरे मैदानावर पंक्चरवाला नसतो. म्हणून २१ आणि १७ किंवा १८ इंची अशा दोन्ही ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि पंप सोबत घेऊन, हे काम एकदा घरी स्वतः करून पाहायला हवे. ट्यूबलेस टायर चालणारी स्पोकची चाके, जी हिमालयन ४५० साठी नंतर उपलब्ध झाली, हा यावरचा सर्वोत्तम तोडगा आहे, कारण चाक न काढता बाहेरूनच पट्टी भरता येते. थोडे पैसे जास्त पडले तरी इथे हात आखडता घेऊ नये.

टायरच्या बाजूवर मापापुढे भारांकही छापलेला असतो. ५९ म्हणजे २४३ किलो, ६६ म्हणजे ३०० किलो, ६९ म्हणजे ३२५ किलो. लादलेल्या गाडीचे बरेच वजन मागच्या चाकावर येते, तेव्हा पुढे कधी बटणांसारख्या उंच गाठींचा टायर बदलून घालताना नक्षीसोबत हा अंकही मूळ टायरपेक्षा कमी नाही ना, ते तपासा. हवा पुस्तिकेत दोन माणसांसाठी दिलेल्या दाबाएवढी ठेवा. खडीवर पकड वाढवण्यासाठी हवा कमी करण्याचा सल्ला एकट्या, रिकाम्या गाडीसाठी योग्य आहे. ओझ्याखाली तसे केले तर रिम दगडावर आपटते.

सहावी पायरी: सीटची उंची आणि पडलेली गाडी उचलणे

हिमालयन ४५० ची सीट ८२५ किंवा ८४५ मिलिमीटरवर लावता येते, व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५ वर आहे, आणि एक्सपल्सच्या प्रो आवृत्तीची ८९१ वर. हे आकडे रिकाम्या गाडीचे आहेत, आणि सीटची रुंदीही त्यांत येत नाही. खरी परीक्षा अशी: मागे माणूस बसवून गाडी थोड्या उतारावर, एका बाजूला कललेल्या जमिनीवर थांबवा आणि खालच्या बाजूचा पाय टेकवा. पायाचा चवडा पूर्ण टेकला तर चालेल. नुसती बोटे टेकत असतील तर नाल्याच्या मध्यभागी गाडी पडणार. उंची आणि तोल यांची उत्तम माहिती या एका प्रयोगाने मिळते.

दुसरा प्रयोग उचलण्याचा. गाडी बंद करा, उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा, गिअरमध्ये टाका म्हणजे ती घसरणार नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, पाठ सीटला टेकवून बसकण घ्या, एका हाताने हँडलची मूठ आणि दुसऱ्याने मागची दांडी धरा आणि पाठ सरळ ठेवून पायांच्या जोरावर छोट्या पावलांनी मागे सरका. मऊ मातीवर, मदतीला कुणी उभे असताना, आधी रिकामी गाडी अशी उचलून पाहा. जी गाडी तुम्ही सपाट जमिनीवर एकट्याने उचलू शकत नाही, ती घेऊन एकट्याने दुर्गम रस्त्यावर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्ही-स्ट्रॉम ८०० डीईसारख्या २३२ किलोंच्या गाड्या महामार्गावर अप्रतिम आहेत, पण विरळ हवेत चार हजार मीटरवर ती दिवसातून तिसऱ्यांदा उचलताना माणूस थकून पुढच्या वळणावर चूक करतो. अशा गाडीवर सोबत हवीच.

सातवी पायरी: इंजिन आणि पेट्रोलचा पल्ला

समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते. मनाली–लेह रस्त्यावरची टांगलांग ला खिंड सुमारे ५,३२८ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब खालच्या निम्म्याच्या आसपास उरतो आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास त्याच प्रमाणात घटते. फ्युएल इंजेक्शन असलेले इंजिन मिश्रण आपोआप जुळवून घेते, त्यामुळे ते धूर ओकत नाही की बंद पडत नाही. हवेत नसलेला प्राणवायू मात्र तेही आणू शकत नाही. म्हणून ४० पीएसची (पीएस हे अश्वशक्तीचे एकक) गाडी तिथे विशीतली होते आणि २६.५ पीएसची चौदा-पंधराच्या घरात येते. एकट्या माणसासाठी तेवढी ताकद पुरते. दोन माणसे आणि तीस किलो सामान घेऊन तीव्र वळणावरून चढताना ती अपुरी पडते, मग क्लच अर्धवट दाबून गाडी रेटावी लागते आणि क्लच प्लेट जळतात. तेव्हा दोघांना उंचावर जायचे असेल तर चारशे सीसीच्या आसपासचे, कमी फेऱ्यांत भरपूर टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, देणारे इंजिन घ्यावे. एकट्याने हलक्या सामानानिशी जाणाऱ्याला दोनशे सीसी पुरे.

पेट्रोलसाठी मनाली–लेह मार्गावर तांदीच्या पंपाची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही पाटी वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे, आणि आपला हिशेब या अंतरावरच तपासावा. लादलेल्या गाडीचे लिटरला २५ किलोमीटर धरले, तर १२ लिटरची टाकी ३०० किलोमीटर, १३ लिटरची ३२५, १४.५ लिटरची ३६२ आणि १७ लिटरची ४२५ किलोमीटर जाते. लहान इंजिने याहून जास्त देतात, पण हिशेब कमीच धरावा. म्हणजे १७ लिटरच्या टाकीला जादा पेट्रोल फक्त खबरदारीसाठी, पण बाकी सगळ्यांना पाच लिटर सोबत घेणे भाग आहे, आणि ते वजन दुसऱ्या पायरीच्या बेरजेत धरायला हवे.

ब्रेकबाबत एकच मुद्दा: सैल खडीच्या उतारावर मागच्या चाकाचे एबीएस बंद करता येणे ही खरी गरज आहे, कारण एबीएस मागचा ब्रेक वारंवार सोडत राहते आणि लादलेली गाडी थांबायला फार अंतर घेते. ही सोय हिमालयन ४५० आणि केटीएममध्ये आहे.

आठवी पायरी: वाटेतली दुरुस्ती

लेह आणि मनालीत भाड्याच्या गाड्यांचा मोठा धंदा आहे आणि त्यांतल्या बहुसंख्य रॉयल एन्फिल्डच्या असल्याने त्यांचे सुटे भाग व मेकॅनिक तिथे सहज सापडतात. हिरोची सेवा केंद्रे देशभर लहान गावांतही आहेत. इतर कंपन्यांच्या बाबतीत तुमच्या मार्गावरचे शेवटचे सेवा केंद्र कुठे आहे ते नकाशावर खूण करून पाहा. क्लच केबल, ब्रेक व क्लचचे लिव्हर, चेनचा लॉक, स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर हे भाग गाडी घेतानाच मागवून बघा. शहरातल्या दुकानात जे पंधरा दिवसांत येत नाही, ते स्पितीतल्या काझा गावात मिळणार नाही.

नववी पायरी: लादून चाचणी

शोरूमच्या दहा मिनिटांच्या फेरीतून यातले काहीच कळत नाही. निवड दोन गाड्यांवर आली की प्रत्येक गाडी दोन दिवसांसाठी भाड्याने किंवा मित्राकडून घ्या, प्रत्यक्ष सोबत येणारी व्यक्ती मागे बसवा आणि बॅगा खऱ्याखुऱ्या सामानाने भरा. बॅगा अजून घेतल्या नसतील तर तांदळाच्या दहा-दहा किलोंच्या पिशव्या चालतात.

पुण्याकडच्यांना यासाठी एक मार्ग सुचवतो. ताम्हिणी घाटातून माणगाव, तिथून श्रीवर्धन. बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी, पुढे दापोली आणि दाभोळ. दाभोळ–धोपावे दुसरी फेरी, मग गुहागर. आणि परत येताना चिपळूणमार्गे कुंभार्ली घाटाने कराड. या दोन दिवसांत घाटातली तीव्र वळणे, किनाऱ्यालगतचे अरुंद, उखडलेले रस्ते आणि शेवटी महामार्ग असे सगळे येते. फेरीबोटीत चढणे-उतरणे ही तर उत्तम परीक्षा आहे. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार पाण्यापर्यंत लांब उघडा पडतो, त्यावर शेवाळ आणि चिखल असतो, आणि पुढे बोटीचा लोखंडी पत्रा ओला असतो. तिथे पहिल्या गिअरमध्ये, क्लच न जाळता, पाय टेकत टेकत लादलेली गाडी चढवता आली पाहिजे. मागच्या व्यक्तीला आधी उतरवा. मग बोटीत गाडी वळवून लावताना तिचे खरे वजन मनगटांना कळते.

चाचणीत उभे राहूनही चालवा. फूटपेगवर उभे राहिल्यावर हँडलपर्यंत वाकावे लागत असेल तर कंबर तासाभरात बोलू लागते. हँडल उंच करणारे तुकडे बसवता येतात, पण त्यासाठी केबल पुरतील का ते पाहावे लागते. दिवस संपल्यावर मागे बसणाऱ्या व्यक्तीचे मत शांतपणे विचारा आणि ते तुमच्या मताइतकेच महत्त्वाचे माना. तिला सीट टोचली असेल, गुडघे बॅगेला घासले असतील किंवा धरायला दांडी सापडली नसेल, तर ती गाडी दोघांसाठी नाही.

शेवटची पायरी: निवड आणि खरेदी

इतक्या चाळण्यांनंतर माझे मत असे. एकट्याने, कमी खर्चात, जास्तीत जास्त खराब रस्त्यावर जाणाऱ्याने एक्सपल्स घ्यावी. महामार्गावर ती संथ आहे हे मान्य करूनच. मुख्यतः महामार्ग आणि अधूनमधून कच्चा रस्ता अशांसाठी १६७ किलोंची व्ही-स्ट्रॉम एसएक्स सर्वात सुखाची. वेगाची आवड असलेल्या, एकट्या, अनुभवी चालकाला केटीएम ३९० शोभते. दोन माणसे, पूर्ण सामान आणि हिमालय असा प्रवास असेल, तर आज मी हिमालयन ४५० ची निवड करेन, तीही सामानातले तीन-चार किलो कमी करून.

किमतीत एक फरक लक्षात घ्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. त्यामुळे दोन वर्गांतले अंतर वाढले आहे, आणि दुसऱ्या वर्गातली जुनी गाडी घेण्याचा पर्याय अधिक आकर्षक झाला आहे. जुनी गाडी पाहताना सीट काढून सबफ्रेमचे जोड तपासा, रंगाखाली नवे वेल्डिंग दिसते का ते पाहा. पुढचे चाक अधांतरी करून हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, गेलेला आहे. दोन्ही चाके फिरवून रिम डोलते का पाहा, प्रत्येक स्पोकवर पान्याने हलके ठोका. सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ नसावा.

नवी गाडी घेतली तर प्रवासाच्या किमान महिनाभर आधी घ्या, म्हणजे पहिली सर्व्हिस घरीच होते. बॅगांची चौकट आणि क्रॅश गार्ड लावल्यावर शंभर-दीडशे किलोमीटर लादून चालवा आणि त्यांचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा, कारण रंग दबल्यामुळे ते पहिल्यांदा सैल होतातच. नंतर प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाने एक आडवी रेघ ओढून ठेवा. प्रवासात रोज सकाळी निघण्यापूर्वी ती रेघ तुटलेली दिसली की कुठला बोल्ट फिरला ते पाना न लावताच कळते.